खुनी सापडतच नाही, तरी चित्रपट आवडला? 'मेमरीज ऑफ मर्डर'बद्दल बोलू या (शेवट फोडला आहे)

गोदाकाठ

खुनी शेवटपर्यंत सापडत नाही असा चित्रपट बघून माणसाला काय मिळतं? मनापासून विचारतोय, कारण यावरून आमच्या मित्रमंडळीत चांगलीच जुंपली.

इंदिरानगरला एका मित्राच्या गच्चीवर पडदा लावून आम्ही बाँग जून-होचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) बघितला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८६ सालचा दक्षिण कोरिया, भातशेतीचा मुलूख. पावसाच्या रात्री एकामागून एक बायकांचे खून होतात. तपासाला दोघं. एक गावातला, 'मी डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो' म्हणणारा. दुसरा सोलहून आलेला, कागदपत्रांशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. संशयित आणले जातात, मार खातात, कबुली देतात, मग सुटतात. शेवटी हातात कोणीच उरत नाही.

संपल्यावर एक मित्र तडकला, "सव्वादोन तास बसवून ठेवलं आणि दिलं काय?" एक वहिनी दुसऱ्या प्रेतानंतर खाली गेल्या त्या परत वर आल्याच नाहीत. मला मात्र वाटतं की पोलीस तपासाबद्दल इतका खरा चित्रपट मी दुसरा बघितलेला नाही, आणि शेवटी खुनी पकडून दिला असता तर ते खरेपण गेलं असतं. तुमचं काय म्हणणं?

रविवारचा_शो

तुमच्या त्या तडकलेल्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

दिवसभर दुकानात बसून घरी आल्यावर मी आणखी दुःख कशाला बघू? पेपर उघडला तरी तेच असतं. चित्रपटाने निदान एक गोष्ट करावी, ज्याने केलं त्याला पकडावं. ते होणार नसेल तर मला आधी सांगा, मी जेवून झोपतो. दिग्दर्शन चांगलं आहे, नटही चांगले आहेत, सगळं मान्य. पण बायकोने विचारलं, "मग कोण होता तो?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निफाडकर

आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. पाण्याची पाळी द्यायला रात्री उसातून जावं लागतं, बिबट्याची भीती वेगळीच. त्यामुळे बाई अंधारात बांधावरून चालली आहे, मागे पिकात काहीतरी हललं, ती थांबली की तेही थांबतं, हे दृश्य मी बसून बघू शकलो नाही. उठून उभं राहून बघितलं.

शहरातल्या लोकांना तो प्रसंग कितपत लागतो माहीत नाही. आम्हाला लागतो.

कावेरी_सिडको

आमच्या सासूबाई टीव्हीवरची गुन्ह्यांची मालिका एक दिवस चुकवत नाहीत. भाजी निवडता निवडता पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो. त्यांना हा दाखवला. अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "ह्या पोलिसांना काहीच येत नाही गं."

त्यातला एक प्रसंग मला फार आवडला. ज्या मंदबुद्धीच्या मुलाला तळघरात मारलं, त्याच्याबरोबरच बसून पोलीस नूडल्स खातात आणि सगळे मिळून टीव्हीवरची पोलिसांची मालिका बघतात. सुरुवातीचं संगीत वाजलं की तोही खुश, तेही खुश. त्याला बूट आणून देतात, तेसुद्धा मोठ्या कंपनीच्या नावाची नक्कल केलेले. मारणाऱ्यांनाही तो आवडतो, हे बघून मला जास्त कसंतरी झालं. नुसते दुष्ट पोलीस असते तर सोपं गेलं असतं.

निवृत्त_खाकी

मी खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द.

चित्रपटाच्या सुरुवातीचा तो सलग चालणारा प्रसंग प्रत्येक नवीन फौजदाराला दाखवावा असं माझं मत आहे. शेतात प्रेत. चिखलात पावलाचा एक स्पष्ट ठसा. अधिकारी त्याभोवती खूण करतो, 'इकडे येऊ नका' म्हणून ओरडतो. तोवर गावची पोरं पळतायत, पत्रकार घुसलेत, वरचे साहेब बांधावरून घसरून खाली येतात, आणि एक ट्रॅक्टर शांतपणे त्या ठशावरून निघून जातो. संपलं. तपास तिथेच संपला, पुढचे दोन तास आपण फक्त त्याची किंमत मोजतो.

आपल्याकडे यापेक्षा वेगळं होत नव्हतं. घटनास्थळी पहिल्यांदा पोचायचं गाव, मग पोलीस पाटील, मग आम्ही. तोपर्यंत कोणीतरी चादर टाकलेली, कोणीतरी विळा उचलून बाजूला ठेवलेला, कोणी पाणी मारलेलं. पंचनाम्यात काय लिहिणार? दोरी बांधून जागा अडवा, ठसा असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून उचला, रक्त लागलेला कपडा ओला असताना प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, कुजतो. या गोष्टी शिकवल्या जातात. पण रात्री दोन वाजता पाऊस चालू असताना हाताशी दोन शिपाई आणि एक बॅटरी असते.

नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ मध्ये आता तरतूद आली आहे की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच, आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हे मनापासून झालं तर पुष्कळ फरक पडेल.

रविवारचा_शो, तुमच्या सौभाग्यवतींनी विचारलेला प्रश्न खात्यातही रोज विचारला जायचा. 'कोण होता?' वरून फोन यायचा, गावकरी ठाण्याबाहेर बसायचे, पेपरवाले. त्या प्रश्नाला लवकर उत्तर द्यायच्या घाईतच चुकीचा माणूस आत जातो.

दहीभात

शीर्षकात 'शेवट फोडला आहे' लिहिलंय, पण ते पूर्ण दिसायच्या आधीच 'खुनी सापडतच नाही' वाचून होतं. मोबाईलवर तेवढंच दिसतं. आता काय बघायचं?

कावेरी_सिडको

@दहीभात, बघाच. कळलेलं असूनही मी पुन्हा बघितला आणि दुसऱ्या वेळी जास्त घाबरले.

ॲड_मुक्ता

खाकी काकांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे लिहिते.

चित्रपटातला एक अधिकारी संशयिताला लाथ मारायच्या आधी बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. किती सवयीने चढवतो बघा. पुढे त्याच माणसाचा पाय गंजका खिळा लागून धनुर्वाताने कापावा लागतो, ते दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलंय की काय यावर वाद घालता येईल. मला तो कापलेला पाय जरा जास्तच नेमका वाटला.

आपल्या कायद्याने हा धोका दीडशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम २५ म्हणतं की पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. इंग्रजांनी केलेला कायदा, आणि त्यांनाही इथल्या चौकीत काय चालतं ते माहीत होतं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून आहे. अपवाद एवढाच, की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढा भाग चालतो. आणि त्या एवढ्याशा फटीतून किती 'लपवून ठेवलेले कोयते' काढून दिलेले मी उलटतपासणीत पाहिलेत! पंच तेच, पंचनाम्याची भाषा तीच, फक्त तारीख बदललेली.

१९९६ चा डी. के. बसू खटल्यातला निकाल अटकेचे नियम घालून देतो, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. नियम कमी नाहीत. म्हणून मला हा चित्रपट परदेशी वाटलाच नाही.

इगतपुरी_एक्सप्रेस

कायदा बाजूला ठेवून पावसाबद्दल बोलतो, परवानगी असेल तर.

घोटीच्या पुढे श्रावणात भाताची खाचरं बघा. हिरवं इतकं गच्च की पलीकडचं माणूस दिसत नाही, आणि पाऊस नुसता कोसळत असतो. चित्रपटातली शेतं सोनेरी आहेत, कापणीच्या सुमाराची. पहिलं प्रेत शेताच्या कडेच्या सिमेंटच्या मोरीत सापडतं. अधिकारी वाकून आत बघतो, वरून ऊन, काठावर एक पोरगा बसलाय, तो अधिकाऱ्याच्या प्रत्येक शब्दाची नक्कल करतो. इतक्या सुंदर उजेडात प्रेत. अंधारात दाखवलं असतं तर मी सवयीने सावरून बसलो असतो.

आणि तो रेडिओ! पावसाच्या दिवशी कोणीतरी पत्र पाठवून ठराविक गाणं लावायला सांगतं आणि त्याच रात्री खून होतो. हा धागा शोधून काढते ठाण्यातली पोलीस बाई, जिला बाकी सगळे चहा-कॉफी आणायला पाठवत असतात. तिच्याकडे पुन्हा कोणी फार लक्ष देत नाही.

रविवारचा_शो

तुम्ही सगळे इतकं चांगलं लिहिता की मला वाईट वाटायला लागलंय. पण एक प्रश्न राहतोच. मी वाचलं की खरा खुनी २०१९ मध्ये सापडला. मग आता हा चित्रपट जुना झाला ना? शेवटी पोलीस जिंकले.

गोदाकाठ

सापडला, पण पुढचं वाचाल तर 'जिंकले' म्हणवणार नाही.

चित्रपट ह्वासाँगच्या खऱ्या प्रकरणावर आहे. १९८६ ते १९९१ या काळात दहा खून. वीस हजारांहून जास्त लोकांची चौकशी झाली. चित्रपट २००३ मध्ये आला तेव्हा प्रकरण उलगडलेलं नव्हतं. दिग्दर्शकाने मुलाखतींत सांगितलंय की खुनी चित्रपट बघायला येईल असं डोक्यात ठेवून त्याने शेवट केला. म्हणून शेवटच्या चौकटीत गावातला तो अधिकारी, आता पोलीस खातं सोडून धंदा करणारा, सरळ आपल्याकडे बघतो. चित्रपटगृहात खुर्चीत बसलेल्या त्या माणसाकडे.

त्यानंतर २००६ मध्ये शेवटच्या खुनासाठी खटला भरायची मुदत संपली. कोरियात तेव्हा खुनालाही पंधरा वर्षांची मुदत होती. ती पुढे २००७ मध्ये पंचवीस केली आणि २०१५ मध्ये खुनासाठी पूर्ण काढून टाकली, पण या प्रकरणाला त्याचा उपयोग नव्हता.

२०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यावरचा डीएनए जुळला ली छुन-जे नावाच्या माणसाशी. तो कुठे होता? तुरुंगात. १९९४ मध्ये मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खुनांची कबुली दिली. पोलिसांनी त्याची त्या काळातच चौकशी केलेली होती. खुन्याचा रक्तगट बी आहे असं धरून चालल्यामुळे तो सुटला, त्याचा निघाला ओ. मुदत संपल्यामुळे त्या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालला नाही.

आणि सगळ्यात वाईट भाग. त्या दहातला आठवा खून 'खुन्याची नक्कल करणाऱ्या दुसऱ्याच कोणाचा' म्हणून १९८९ मध्ये निकाली काढला होता. एका पायाने अधू असलेल्या, बावीस वर्षांच्या तरुणाकडून कबुली घेतली. झोपू न देता घेतली, असं त्याने पुढे सांगितलं. तो वीस वर्षं आत होता. २००९ मध्ये पॅरोलवर सुटला आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.

खटल्यात साक्ष द्यायला आणलेल्या ली छुन-जेने सांगितलं की तुरुंगात त्याने हा चित्रपट बघितला होता आणि त्याला काहीच वाटलं नाही.

रविवारचा_शो

वीस वर्षं.

ॲड_मुक्ता

मुदतीबद्दल: आपल्याकडे खुनाला मुदत नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच मुदतीचं बंधन आहे. त्यामुळे असा माणूस इथे तीस वर्षांनी सापडला तरी खटला उभा राहतो. अर्थात मुद्देमाल तीस वर्षं उंदीर, वाळवी आणि ओलीपासून वाचलेला असला पाहिजे. कोरियावाल्यांनी तो जपला, ही त्या सगळ्या प्रकरणातली एकमेव गोष्ट आहे ज्यासाठी मी त्या पोलिसांना मनापासून मान देईन.

निवृत्त_खाकी

+१. मुद्देमाल कारकुनाला खात्यात कोणी विचारत नाही. तपासाचा जीव त्याच्या खोलीत असतो.

सातपूरची_शलाका

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी कारखान्यात काम करते. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत चालत यावं लागतं. मधल्या पट्ट्यात दिवे नाहीत. निफाडकर दादांनी लिहिलं तसं आम्हालाही ते लागतं, पण आम्ही रोज त्यातून चालतो. तुम्ही दिग्दर्शन, ऊन, बूट, कलम यावर बोलता. त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव कोणाला आठवतंय का? आपल्या लक्षात राहतो तो रडणारा पोलीस.

हा प्रश्न फक्त या चित्रपटाचा नाही. खुनांचा चित्रपट म्हटलं की बाईचं प्रेत आणि त्याभोवती पुरुषांचं दुःख. सुंदर काढलं म्हणून मी ते विसरावं का?

कावेरी_सिडको

शलाका, अगदी बरोबर. आणि तरी त्यात एक जागा आहे जिथे मला वाटलं की दिग्दर्शकाला हे कळतंय. सोलचा अधिकारी ज्या शाळकरी मुलीच्या पाठीवर मलमपट्टी लावून देतो, तीच पुढे बळी पडते. प्रेताजवळ त्याला ती पट्टी दिसते. त्या क्षणी तो कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा माणूस संपतो. तिचा चेहरा मला आठवतो. नाव नाही आठवत, ते तुझं खरं आहे.

सातपूरची_शलाका

ती पट्टी मलाही आठवते ताई. त्यातल्या बाकीच्या रात्रीही लक्षात आहेत ना? गावात एकदा पोलीस कुमक मागवली तर उत्तर येतं की सगळी तुकडी मोर्चा मोडायला गेली आहे. आणि एका रात्री सरकारी सरावाचा भोंगा वाजतो, एकेक घर दिवे बंद करत जातं. सगळ्या गावाने हुकुमावरून दिवे घालवले आणि बाई अंधारात एकटी. लष्करी राजवटीचे दिवस होते ते. त्या जागेसाठी मी या चित्रपटाला सगळं माफ करायला तयार होते, पण मग पुन्हा पोलीसच रडायला लागले.

निफाडकर

शलाकाताई, तुमच्या त्या पट्ट्यातल्या दिव्यांसाठी अर्ज केलाय का?

सातपूरची_शलाका

केलाय. पोच आहे, दिवा नाही.

ॲड_मुक्ता

शलाका, पोचेची प्रत मला व्यक्तिगत निरोपात पाठव. पुढचं पत्र मी लिहून देते. कारखान्यातल्या आणखी बायकांच्या सह्या घे, जितक्या मिळतील तितक्या.

चुलीवरची_मिसळ

इतक्या गंभीर धाग्यावर एक अवांतर चालेल का? गच्चीवर पडदा लावून खुनांचे चित्रपट बघणाऱ्यांनी शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. आमच्या सोसायटीत असाच कार्यक्रम चालू असताना वॉचमन काठी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. किंकाळी अस्सल होती म्हणाला.

इगतपुरी_एक्सप्रेस

वॉचमनला बढती द्या!

अवांतराला अवांतर: विजयानंद, मधुकर या जुन्या चित्रपटगृहांच्या काळात असा चित्रपट नाशिकला लागलाच नसता. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांचं हे गाव, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक, आणि परभाषेतला चित्रपट बघायचा तर गच्ची शोधावी लागते. गोदाकाठ, तुमचा उपक्रम चालू ठेवा.

रविवारचा_शो

मूळ प्रश्नाकडे येतो. काल पुन्हा बघितला, पूर्ण नाही, पहिला अर्धा तास. ठाण्यात दोन तरुण शेजारी बसून काहीतरी भरून देतायत. साहेब सांगतो, यातला एक बलात्कार करणारा आहे आणि दुसरा त्या मुलीचा भाऊ, ज्याने त्याला पकडून आणलंय. तू डोळ्यांत बघून ओळखतोस ना, मग सांग कोण कोण. तो टक लावून बघत राहतो. आणि चित्रपट उत्तर न देताच पुढे जातो.

पहिल्यांदा बघताना मी मनात लगेच डावीकडचा म्हणून मोकळा झालो होतो. तुमचा वीस वर्षांवाला प्रतिसाद वाचल्यावर त्या दोघांकडे बघताना मला कोणाचंच नाव घेववेना. शेवट मला अजूनही आवडलेला नाही. खुनी पकडलेला बघायला मला आवडतं आणि आवडत राहील. पण बायकोला आता मी उत्तर दिलं: "माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नव्हतं, तरी त्यांनी एकाला धरला." ती म्हणाली, मग मला दाखव. तर पुन्हा बघणं आलं.

निवृत्त_खाकी

तो दोन तरुणांचा प्रसंग मीही पुन्हा लावून बघितला. इतकी वर्षं नोकरी करून मला सांगता येत नाही.

दहीभात

बघितला शेवटी. शेवट माहीत होता, तरी काही बिघडलं नाही. ती छोटी मुलगी म्हणते ना, अलीकडेच आणखी एक माणूस येऊन त्या मोरीत वाकून बघत होता, फार पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं म्हणाला. कसा दिसत होता विचारल्यावर ती सांगते, साधाच. तिथे मी टीव्ही बंद करून दिवे लावले.

गोदाकाठ

पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच गच्चीवर. मागच्या वेळी खाली निघून गेलेल्या वहिनींनी स्वतःहून सांगितलंय की त्या या वेळी पूर्ण बसतील, पण चित्रपट त्या निवडणार. शलाका, तुम्हीही या. सहाला सुरू करू म्हणजे साडेआठपर्यंत सगळे मोकळे. सातपूर-अंबडकडे जाणाऱ्या दोन गाड्या आहेत, घराच्या दारापर्यंत सोडतील.

सातपूरची_शलाका

शनिवारी माझी फर्स्ट शिफ्ट आहे, जमेल. मैत्रिणीला आणू का? आणि त्या अर्जावर तुमच्या सगळ्यांच्या सह्या पण हव्यात, कागद घेऊनच येते.

निफाडकर

मी द्राक्षं घेऊन येतो. सही पण करतो.